चार बोटं खाली

सोमवार, १३ एप्रिल १९५३

चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसानं रोजनिशी लिहायला घ्यावी हे लक्षण काही बरं नाही. पण ही गोष्ट कुठंतरी ओकल्याशिवाय मला जगता येणार नाही, आणि सांगण्याजोगं माणूस एकही नाही. माझी बायको ओडेसा, तीसुद्धा नाही. तिला सांगितलं की ती आधी रडेल, मग प्रार्थनेत माझं नाव घालेल, आणि रविवारी सगळ्या चर्चला कळेल.

आज नदीपलीकडच्या डॉक्टरकडे गेलो. तिकडं मला कुणी ओळखत नाही. नाव सांगितलं जॉन्सन. त्यानं कानात दिवा घातला, घंटीसारखं काहीतरी वाजवलं आणि म्हणाला, डावा कान संपला. युद्धाच्या वर्षांत पोलादाच्या कारखान्यात घणाशेजारी उभा राहिलो, त्याचं हे फळ. उजव्याचं काय, विचारलं. "तोही त्याच वाटेनं निघालाय. सहा महिने लागतील की सहा वर्षं, मला सांगता यायचं नाही." मग त्यानं धंदा विचारला. मी म्हणालो, रंगारी. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "रंगाऱ्याचं चालून जाईल."

घरी येऊन खिशातलं घड्याळ उजव्या कानापासून हळूहळू लांब नेलं. दोन वितींवर टिकटिक बंद झाली. डाव्याला तर घड्याळ चिकटवून धरलं तरी काही नाही.

लोटस रूम क्लबात मी नऊ वर्षं पियानो वाजवतोय. ती खुर्ची गेली तर मी कोण? मालक मिस्टर रटलेजना हे कळलं की त्याच दिवशी दुसरा माणूस बसवतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. बहिऱ्या पियानोवाल्याला कोण ठेवतं? तेव्हा कुणाला कळू द्यायचं नाही. या कानाची त्या कानाला खबर नको, असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत ते आता अक्षरशः खरं झालंय.

रविवार, १९ एप्रिल

क्लीओफस डॉर्सेटला झालंय तरी काय कळत नाही. एकवीस वर्षं हा माणूस माझ्या डाव्या बाजूला उभा राहून तो माणसाएवढा बास वाजवतोय. सगळ्या जगात बासवाला तिथंच उभा राहतो. ईस्टरनंतर एकाएकी हा उजवीकडे आलाय, माझ्या खांद्याला जवळजवळ लागून. बासच्या तळाचा खिळाही नेमका माझ्या स्टुलाखालच्या फळीवर रोवतो. त्यानं तार ओढली की माझं बूड थरथरतं. वर ठेक्याला टाच आपटतो ती वेगळीच.

मी म्हणालो, "डॉर्सेट, अजून थोडा जवळ ये, मांडीवरच बस."

"बसलो असतो," तो म्हणाला, "पण तुझ्या मांड्या आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत."

थॅडियस ड्रमवर मान खाली घालून हसत होता. हसण्याचं मला काही नाही. पण जागा का बदलली ते विचारलं तर म्हणतो, तिकडं वारा लागतो. लोटस रूममध्ये वारा? त्या तळघरात सिगारेटचा धूरसुद्धा जागचा हलत नाही.

एक मात्र कबूल करतो. आज ठेका एकदाही सुटला नाही. बूड थरथरत होतं तरी.

सोमवार, २७ एप्रिल

आज सुट्टी. भीती सुट्टीच्या दिवशी जास्त वाटते.

दुपारभर जुन्या गोष्टी आठवत बसलो. आई ज्या घरी इस्त्रीला जायची, तिथं आपोआप वाजणारा पियानो होता. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी आत घालायची, पायानं पेडल मारायचं, आणि पट्ट्या आपल्या आपण खाली जायच्या. मालकीणबाई बाहेर गेल्या की मी पेडल अगदी हळू मारायचो आणि खाली गेलेल्या पट्ट्यांवर बोटं ठेवायचो. असा सहा वर्षांचा असताना शिकलो. पुढे चर्चमध्ये मिस यूलेली क्रंप. माझा वेग वाढला की बोटांवर पट्टी मारायच्या. "देवाला घाई नाही अलॉन्झो, तुला कसली रे?" आणि मग म्हातारा टिक मॅब्री. लोकांच्या घरच्या पार्ट्यांत वाजवायचा. त्याचा डावा हात पियानोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारायचा आणि हा वर बघून शेजारणीशी गप्पा मारायचा. तो मला पियानोच्या तारांवर गोधडी टाकून वाजवायला लावायचा. म्हणायचा, "आधी हाताला कळू दे. कानाला काय, मागाहून कळेल."

त्या गोधडीचा आज मला मोठा आधार वाटला. पियानोत टॉवेल कोंबून तासभर वाजवलं. हातांना सगळं येतंय. पण मग मनात आलं, माझ्या हातांना माझं येतं. क्लीओफस काय वाजवतोय, गाणारी व्हर्डेल कुठल्या ओळीवर आहे, हे हातांना कसं कळणार? टॉवेल काढला आणि झाकण लावलं.

मंगळवार, ५ मे

सगळ्यांना एकदमच कसली तरी खोड लागली आहे.

ओडेसा आता माझ्याशी बोलायचं असलं की समोर येऊन उभी राहते, पुरी तोंडासमोर, भांडायलाच आल्यासारखी. पूर्वी स्वयंपाकघरातून ओरडायची. चर्चमध्येसुद्धा मला ढकलून उजवीकडे बसते. मी विचारलं, हे काय नवीन. म्हणाली, "वीस वर्षं तुझा डावा गाल पाहिला. आता उजवा कसा निघालाय ते बघतेय."

आणि व्हर्डेल. पोरगी गाते छान, त्याबद्दल वाद नाही. पण हल्ली प्रत्येक गाण्याआधी पियानोवर रेलते आणि माझ्या नाकासमोर बोटं धरते. ही बोटांची खूण आम्हा वाजवणाऱ्यांत जुनीच आहे. गोंगाटात गाणं कुठल्या स्वरात घ्यायचं ते सांगायचं तर बोटं दाखवायची. वर केलेली बोटं म्हणजे तेवढे तीव्र, खाली केलेली म्हणजे तेवढे कोमल. एक बोट खाली म्हणजे एफ, तीन खाली म्हणजे ई-फ्लॅट, चार खाली म्हणजे ए-फ्लॅट. पण ही खूण परक्या माणसाला करायची असते. कुणी नवखा स्टेजवर चढला तर. नऊ वर्षं जिच्यासाठी वाजवतोय तिनं मला एक बोट खाली करून दाखवायचं? तिचं गाणं एफमध्ये आहे हे मला झोपेतही ठाऊक आहे.

"मला काय कालचा समजतेस का गं?" मी म्हणालो.

"नाही हो प्रोफेसर," ती म्हणाली. "माझ्याच लक्षात राहावं म्हणून करते."

आता स्वतःच्या लक्षात राहण्यासाठी कुणी दुसऱ्याच्या नाकाशी बोट नेतं का? थॅडियसही गाणं सुरू करताना काठ्या डोक्याच्या वर नेतो, माशा मारायला निघाल्यासारखा.

गुरुवार, १४ मे

मिस्टर रटलेजनी सगळ्यांना दुपारी बोलावलं. चौदा जूनला, रविवारी तीन वाजता, रेडिओवाले येणार. लोटस रूममधून अर्धा तास थेट. सगळ्या शहरात ऐकू जाणार. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

एरवी चुकलं तर चाळीस माणसांत चुकतं, त्यातली वीस पिण्यात असतात. रेडिओ म्हणजे तापलेल्या इस्त्रीवर हात ठेवणं.

त्याहून वाईट म्हणजे रात्री नेवेल स्टोक्स आला होता. पुढच्या टेबलावर बसून तळलेला मासा खात होता आणि सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होता. नेवेल स्टोक्स हा अठ्ठावीस वर्षांचा पियानोवाला, केस चकचकीत, आणि ए-फ्लॅट सोडलं तर त्याला घराचा रस्ता सापडत नाही. कुठलंही गाणं द्या, हा ते ए-फ्लॅटमध्येच नेणार. मिस्टर रटलेज स्वतः त्याच्या टेबलाशी जाऊन बसले. मी त्यांचे ओठ बघत होतो. हल्ली मी सगळ्यांचे ओठ बघतो.

शनिवार, १६ मे

घड्याळ: एक वीत आणि चार बोटं. महिन्यात एवढं गेलं. दोनदा मोजलं.

शनिवार, २३ मे

अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

दुपारी वायली अॅव्हेन्यूवरून जात होतो. न्हाव्याच्या दुकानाच्या काचेतून सहज आत पाहिलं. क्लीओफस उभा. समोर मिस्टर रटलेज. शेजारच्या खुर्चीत, गळ्याशी पांढरं कापड बांधून, नेवेल स्टोक्स. क्लीओफस तावातावानं काही बोलत होता. काचेबाहेरून कुणालाच काही ऐकू आलं नसतं, मला तर नाहीच. मग त्यानं हात वर केला, चार बोटं ताठ केली आणि खाली आणली. सावकाश. मिस्टर रटलेजच्या नाकासमोरून, नेवेलच्या बाजूला.

चार बोटं खाली. ए-फ्लॅट.

व्हर्डेलचं गाणं माझ्याबरोबर एफमध्ये आहे. ते ए-फ्लॅटमध्ये कुणासाठी न्यायचंय, हे सांगायला ज्योतिषी नको. रेडिओवर नेवेल वाजवणार. आणि हे ठरवतोय कोण, तर क्लीओफस. माझ्या लग्नात माझ्या बाजूला उभा राहिलेला माणूस.

मी तिथून पळालो. हो, पळालोच. कोपऱ्यावरच्या दुकानात शिरलो आणि नको असलेली काडेपेटी विकत घेतली.

सोमवार, २५ मे

दोन दिवस झोप नाही. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणतात. चोर मी आहे, कान लपवलेत मी. म्हणून मला सगळीकडे कट दिसतोय का? हा विचारही करून पाहिला. पण मग सगळं आपोआप जुळायला लागलं. क्लीओफसनं जागा बदलली ती माझे हात जवळून बघायला. टाच आपटतो ती माझा ठेका बिघडवायला. व्हर्डेल बोटं दाखवते ती मला चिडवायला, किंवा सवय करून घ्यायला, पुढच्या माणसासाठी. शनिवारी मी आत आलो तर तिघं एका कोपऱ्यात बोलत होते आणि मला बघून गप्प झाले. थॅडियसनं तर उगीचच ड्रम पुसायला घेतला.

क्लीओफसला कळलंय. माझ्या कानांचं कळलंय. दुसरं काही असूच शकत नाही. आणि कळल्यावर त्यानं हे केलं.

ओडेसाला विचारलं, क्लीओफस कसा माणूस आहे असं तुला वाटतं. ती समोर येऊन उभी राहिली, माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "तू त्याच्याशी बोल, लॉन. जे काही आहे ते बोलून टाक." मला वाटलं, हिलाही फितवलंय की काय. स्वतःच्या बायकोबद्दल असं वाटलं, हेही इथं लिहून ठेवतो.

शुक्रवार, २९ मे

आज मिस्टर रटलेजकडे गेलो आणि आधी मीच वार केला. दुसरा करायच्या आत.

सांगितलं, क्लीओफसचा बास मला चालत नाही. टाच आपटतो, जागेवर उभा राहत नाही. रेडिओवर ते सगळं ऐकू जाईल. "तो तरी किंवा मी तरी," म्हणालो. वाटलं, आता ते म्हणणार, मग तूच जा.

मिस्टर रटलेज खुर्चीत मागे रेलले. "हे तू म्हणतोयस, ग्रियर? तू स्वतः?"

"मी स्वतः."

"बघ हं. मागाहून मला बोल लावायचा नाही."

"नाही."

"मग तसंच होऊ दे," ते म्हणाले, आणि मला सिगार दिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. इतक्या पटकन ऐकतील असं वाटलं नव्हतं. मालक आपल्या बाजूचा आहे, हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. सिगार अर्धाच ओढून विझवला.

शनिवार, ३० मे

क्लीओफसनं आज बासला खोळ घातली. एकेक करून सगळी बटणं लावली. मी पियानोची पट्टी पुसत होतो. स्वच्छच होती.

मग तो समोर आला. "मला तू सांगायचं होतंस," तो म्हणाला. "रटलेजकडून ऐकायची वेळ आणलीस."

"तू तरी मला कुठं काय सांगितलंस?"

तो काहीतरी बोलणार होता. पण मग मान हलवली, बास उचलला आणि निघाला. जिन्याशी पोचल्यावर, माझ्याकडे पाठ असताना, तो काही म्हणाला. खांदे हलले म्हणून कळलं. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी "बरं" म्हणालो.

गुरुवार, ४ जून

नवा बासवाला आला. अँब्रोझ टील. सभ्य माणूस, दारू नाही, संगीत शाळेत जाऊन शिकलेला. डाव्या बाजूला उभा राहतो, अगदी रीतसर. टाच आपटत नाही.

आज तालीम झाली. काय लिहू? तो वाजवतोय हे मला दिसतं. बोटं तारेवर जातात, तार हलते. पण ऐकू काहीच येत नाही. स्टूल गप्प, फरशी गप्प. दुसऱ्या गाण्यात मी एकटाच चाललोय असं वाटलं, मागं पुढं कुणी नाही. व्हर्डेलनं हात वर करून गाणं थांबवलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "टील, जरा जोरात." तो म्हणाला, "अहो, याहून जोरात वाजवलं तर तार तुटेल."

नंतर व्हर्डेल माझ्याजवळ आली. "प्रोफेसर, क्लीओफसना परत बोलवा ना. तुम्ही म्हणालात तर ते येतील."

"त्यानं शिकवून पाठवलं का तुला?"

तिचा चेहरा पडला. "तुम्हाला काहीच कळत नाही," ती म्हणाली. हे मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं.

शुक्रवार, १२ जून

घड्याळ आता चार बोटांवर. परवा रेडिओ.

रेडिओवाल्यांचा माणूस आज येऊन स्टेजवर जाडजूड गालिचा अंथरून गेला. पावलांचा आवाज नको म्हणून. व्हर्डेलला तिकडं पुढं माइकशी उभं करणार, माझ्याकडे पाठ करून.

ओडेसानं कॉर्नब्रेड आणि कोलार्डची पालेभाजी केली होती, माझ्या आवडीची. घास उतरेना. ती शेजारी येऊन बसली आणि माझा उजवा कान हातानं हळूच चोळला. लहान मुलाचा चोळतात तसा. मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून मी भाजीत मीठ जास्त झालंय म्हणालो. देवा, मला फार भीती वाटते. रविवार आला नाही तर किती बरं होईल.

रविवार, १४ जून

झालं.

दोन गाणी थॅडियसच्या काठ्यांकडे बघून निभावली. मान अवघडली, पण निभावलं. तिसरं व्हर्डेलचं. तिनं एक कडवं गायलं आणि मग मध्ये माझी तीन आवर्तनं होती. बघून बघून डोळे दुखत होते. मी विचार केला, टिक मॅब्रीची गोधडी. हातांना येतंय. डोळे मिटले.

आणि खरं सांगतो, कित्येक वर्षांत मी इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. भीती गेली. डावा हात उड्या मारत होता, उजव्या हाताला सुचत होतं, आणि सुचलेलं बोटात येत होतं. तीन आवर्तनं पुरी केली आणि व्हर्डेलला जागा द्यायला डोळे उघडले.

थॅडियसच्या काठ्या त्याच्या मांडीवर होत्या. टील बासची मान धरून नुसता उभा होता. व्हर्डेल माइककडे पाठ करून माझ्याकडे बघत होती आणि तिनं तोंडावर हात धरला होता.

ते कधी थांबले होते, मला माहीत नाही. कदाचित पहिल्याच आवर्तनात. मी कुठंतरी पुढं निघून गेलो असेन, आणि माझ्याबरोबर येणं त्यांना जमलं नसेल. सगळ्या शहरानं रेडिओवर एका माणसाला एकटंच वाजवताना ऐकलं आणि त्या माणसाला वाटत होतं की आपण चौघं आहोत.

लोक उभे राहिले. टाळ्या दिसल्या. मिस्टर रटलेज टाळ्या वाजवत नव्हते, ते नेवेल स्टोक्सच्या टेबलाशी वाकले होते.

सोमवार, १५ जून

सकाळी व्हर्डेल घरी आली. मंगळवारपासून नेवेल बसणार, हा निरोप मिस्टर रटलेजनी तिच्याकडून पाठवला होता. ओडेसानं तिला माझ्या उजवीकडे बसवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि तेव्हा मला कळलं की या दोघींना मी सांगावं असं काही बाकी उरलेलं नाही.

"किती दिवसांपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"मार्चपासून," व्हर्डेल म्हणाली. "डाव्या बाजूनं बोललेलं तुम्हाला ऐकू येत नाही, हे क्लीओफसच्या लक्षात आलं. त्यांनी सगळ्यांना शपथ घातली होती. म्हणाले, त्याला स्वतःहून सांगू दे. आपण कळलंय म्हणालो तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही."

"आणि न्हाव्याच्या दुकानात? मी बघितलं. चार बोटं खाली करून त्यानं नेवेलला ए-फ्लॅट दिला."

व्हर्डेल माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "कसला ए-फ्लॅट हो? मिस्टर रटलेज तेव्हा तुम्हाला काढणार होते. नेवेलला ठरवायलाच बसले होते तिथं. क्लीओफस म्हणाले, त्याला हात लावलात तर चौघंही खाली उतरू. स्टेजवरून. चौघं. मी आणि थॅडियस कबूल झालो होतो. रेडिओ तोंडावर असताना चौघांना सोडायची त्यांची छाती नव्हती. मग तुम्हीच एक कमी केलात."

मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, इतकंच असतं तरी सोसलं असतं. धोंडा मारला तो दुसऱ्याच्या पायावर.

मंगळवार, १६ जून

क्लीओफसच्या घरी गेलो. दार लॅव्हिनियानं उघडलं, त्याच्या बायकोनं. मला बघून तिचा चेहरा दगड झाला. काहीतरी बोलली. रस्त्यावरून ट्राम जात होती. मी म्हणालो, काय? ती पुन्हा बोलली. मी पुन्हा म्हणालो, काय? तिसऱ्यांदा तिनं तोंड वळवून घरात बघत उत्तर दिलं.

तेव्हा मी म्हणालो, "मला ऐकू येत नाही, लॅव्हिनिया."

किती मोठ्यानं म्हणालो कोण जाणे. समोरच्या पायऱ्यांवर शेंगा सोलत बसलेली बाई हात थांबवून बघायला लागली. इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं वाक्य मी अख्ख्या गल्लीला सांगितलं, आणि ज्याला सांगायला हवं होतं तो तिथं नव्हता.

लॅव्हिनियानं मला हाताला धरून आत नेलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. स्वतः उजवीकडे बसली. कानाशी तोंड आणून हळूहळू बोलली. क्लीओफस पाच तारखेला क्लीव्हलंडला गेला, एका फिरत्या बँडबरोबर. तिथून पुढं शिकागो, मग आणखी कुठं. हिवाळ्याआधी परत येणार नाही. त्या बँडनं त्याला मार्चमध्येही विचारलं होतं. तेव्हा तो नाही म्हणाला होता.

"का नाही म्हणाला?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

तिनं आपला उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. बोटांची टोकं पाहिली तर घट्टे पडलेले, फुटलेल्या फोडांचे जुने वण. बाई शिवणकाम करते, पण हे शिवणाचे नव्हते.

"तू आत्ता बसलायस त्याच खुर्चीत बसायचा," ती म्हणाली. "कानात कापूस आणि वरून मेण. हात टेबलावर, पियानो असल्यासारखे. आणि मला बासची तार ओढायला लावायचा. मला त्यातलं काय कळतंय? एकच तार, ढब ढब. आज या कोपऱ्यात, उद्या त्या. चुलीपाशी, खिडकीपाशी. बासचा खिळा या फळीवर, त्या फळीवर. म्हणायचा, लॅव्हिनिया, कुठून ओढलं की बहिऱ्या माणसाला कळतं ते मला शोधायचंय. मार्चचा अख्खा महिना. ईस्टरच्या आदल्या दिवशी सापडलं तेव्हा लहान पोरासारखा ओरडला, कानात मेण असल्यानं फारच मोठ्यानं. शेजारी धावत आले."

मी म्हणालो, "पुन्हा सांग."

तिला वाटलं मला नीट समजलं नसेल. ती आणखी जवळ सरकली आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. कापूस, मेण, तार, फळी, ईस्टर. मी तिला मध्ये थांबवलं नाही. खरं तर पहिल्याच वेळी मला सगळं ऐकू आलं होतं.